गांजा सोडताना पहिले तीस दिवस : काय होतं, कधी होतं आणि काय करायचं

गांजा सोडण्याचे बहुतेक प्रयत्न पहिल्याच आठवड्यात एखाद्या रात्री फसतात. माणूस तीन-चार दिवस नेटाने बंद ठेवतो, रात्री दोन वाजता टक्क जागा असतो, अंगाला घाम, डोक्यात राग. मग तो ठरवतो की आपला स्वभावच असा आहे, आपल्याला झोपेसाठी आणि डोकं शांत ठेवायला हा लागतोच. पण त्या रात्री होत असतं ते सगळं गांजा बंद झाल्यामुळे होत असतं, आणि त्याला बऱ्यापैकी ठरलेलं वेळापत्रक आहे. ते आधी माहीत असेल तर ती रात्र काढता येते.

हे टिपण रोज किंवा जवळजवळ रोज, महिनोन्‌महिने ओढणाऱ्यांसाठी आहे. जॉइंट असो, चिलीम असो, चरस असो, नाहीतर रोजची भांगेची गोळी. मुद्दा टीएचसी या नशा आणणाऱ्या एकाच रसायनाचा आहे. अशा नियमित वापर करणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना सोडताना त्रास होतो. जितकं जास्त आणि जितकी वर्षं, तितका त्रास जास्त. ‘गांजाचं व्यसन लागतच नाही’ असं कट्ट्यावर कोणी कितीही सांगो, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ पासून हा त्रास निदानाच्या यादीत घेतलेला आहे.

वेळापत्रक

मेंदूत सीबी-१ नावाचे रिसेप्टर असतात, म्हणजे टीएचसी जिथे जाऊन बसतं त्या जागा. झोप, भूक, राग, भीती या सगळ्यांत त्यांचा हात असतो. रोज बाहेरून टीएचसी मिळत राहिलं की मेंदू हे रिसेप्टर कमी करतो. माल बंद केला की काही दिवस दोन्ही बाजूंनी पंचाईत होते, कारण बाहेरचं टीएचसी थांबलेलं असतं आणि मेंदूची स्वतःची व्यवस्था अजून पुरती उभी राहिलेली नसते. रिसेप्टर परत यायला दोन-तीन दिवसांतच सुरुवात होते आणि साधारण चार आठवड्यांत ते बऱ्यापैकी पूर्ववत होतात. तीस दिवसांचा हिशेब येतो तो इथून.

पहिल्या दिवशी फारसं काही वाटत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. २४ ते ७२ तासांत त्रास सुरू होतो आणि दुसऱ्या ते सहाव्या दिवसात तो सगळ्यात जास्त असतो. चिडचिड, अस्वस्थता, धडधड, भूक मेलेली, पोटात कळा, डोकेदुखी, हाताला बारीक कंप, रात्री कपडे भिजतील इतका घाम, मधूनच थंडी. सगळ्यांना सगळं होत नाही. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस शरीराचा बहुतेक त्रास ओसरतो. मागे राहते ती झोप. ती महिनाभर, कधी त्याहून थोडी जास्तही रेंगाळते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्रासापेक्षा कंटाळा मोठा असतो. सगळं फिकं लागतं, सिनेमा बघावासा वाटत नाही, जेवणाला चव नाही. हाही वेळापत्रकाचाच भाग आहे.

टीएचसी चरबीत साठतं आणि हळूहळू बाहेर पडतं. म्हणून दारू सोडताना होतात तसे झटके, भ्रम असले प्रकार नुसत्या गांजाने होत नाहीत. तसं काही झालं तर कारण दुसरं असतं, त्याबद्दल पुढे.

तारीख आणि तयारी

नोकरी-कॉलेज शनिवार-रविवार बंद असेल तर शेवटचा जॉइंट बुधवारी रात्री. म्हणजे गुरुवार बरा जातो, शुक्रवार ओढूनताणून निघतो आणि सगळ्यात वाईट दोन दिवस सुट्टीत येतात. जमल्यास सोमवारचीही रजा टाका. परीक्षा, प्रोजेक्टची डेडलाइन, मित्राचं लग्न, गोव्याची ट्रिप, महाशिवरात्र किंवा होळी यांच्या आधीचा आठवडा टाळा. पण ‘योग्य वेळ’ शोधत तीन महिनेही घालवू नका. पुढच्या पंधरा दिवसांतली एक तारीख कागदावर लिहा.

एकदम सोडायचं की कमी करत? दोन्ही चालतं. दिवसाला एक-दोन जॉइंट असतील तर एकदम सोडणं सोपं, त्रास एकदाच होतो. दिवसाला पाच-सहा किंवा जास्त असतील तर दोन-तीन आठवड्यांत उतरवत आणा. सहा असतील तर दर तीन दिवसांनी एक कमी. आधी सकाळचा बंद करा, कारण उठल्या-उठल्या ओढणं ही सवयीची सगळ्यात घट्ट गाठ असते. रात्रीचा शेवटी ठेवा, पण तो झोपायच्या वेळेवरून मागे आणत जा : अकराचा दहाला, दहाचा आठला. झोप त्याच्याशिवाय लागायची थोडी सवय आधीच होते. हा मार्ग फसतो तो दोन कारणांनी. संख्या कमी होते आणि जॉइंट जाड होतात. किंवा ‘आज अपवाद’ म्हणून उद्याचा आज ओढला जातो. म्हणून दिवसाचे जॉइंट सकाळीच मोजून वेगळे ठेवा आणि ठरलेल्या तारखेनंतर मोजणी नाही, शून्य. दोनदा मोजणी चुकली तर समजा की आपल्याला कमी करणं जमत नाही आणि एकदम सोडा.

शेवटच्या रात्री उरलेला माल संडासात टाका. ‘मित्राकडे ठेवायला दिला’ हे दोन्हींनी वाईट : एक तर तो परत मागितला जातो, दुसरं म्हणजे बाळगण्याचा गुन्हा त्याच्या डोक्यावर येतो. क्रशर, पेपर, चिलीम, साफी (चिलमीचं फडकं), रोचसाठी (जॉइंटच्या टोकाच्या पुठ्ठ्यासाठी) जपून ठेवलेली जुन्या व्हिजिटिंग कार्डांची चळत, सगळं बाहेर. जीन्सचे खिसे, बॅगेचे चोरकप्पे, गाडीची डिकी तपासा. तिसऱ्या रात्री या जागा तुम्ही नक्की उचकणार आहात, तेव्हा आधीच उचका. माल देणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा. ज्या ग्रुपवर ‘आज बसायचं का’ येतं तो म्यूट नाही, सोडाच.

तंबाखूचा हिशेब वेगळा

आपल्याकडे बहुतेक लोक सिगारेट मोकळी करून तिच्यातल्या तंबाखूत गांजा मिसळून भरतात. त्यामुळे गांजा थांबला की निकोटिनही थांबतं आणि दोन्हींचा त्रास एकाच आठवड्यात येतो. चिडचिड, बेचैनी, झोप उडणं ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच. उलटही होतं : जॉइंट बंद केलेला माणूस दिवसाला दोन सिगारेटींवरून पाकिटावर जातो. मग तीच टपरी, तोच लायटर, तीच बोटं, आणि महिन्याभरात कोणीतरी भरलेला पुढे करतो.

दोन्ही एकत्र सोडणं जमतं आणि तेच बरं. २ मिलिग्रॅमचे निकोटिन गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात. ते च्युइंग गमसारखे चघळत बसायचे नसतात. दहा-पंधरा वेळा सावकाश चावा, जिभेला तिखटसर झिणझिण्या आल्या की गम गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावा. असा एक गम अर्धा तास चालतो. भराभर चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या आणि छातीत जळजळ होते, आणि लोक ‘हे काही कामाचं नाही’ म्हणून फेकून देतात. गमच्या आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, लिंबू सरबत नको. आंबट आणि आम्लयुक्त पेयांनंतर निकोटिन तोंडात नीट शोषलं जात नाही. गरोदरपण किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता एक गोष्ट, जी फारसं कोणी सांगत नाही. धूर ओढणाऱ्याच्या यकृतात कॅफिनचा निचरा भराभर होतो. धूर थांबला की तो वेग काही दिवसांतच उतरतो आणि तेवढाच चहा अंगात जास्त वेळ, जास्त प्रमाणात राहतो. धडधड, हाताची थरथर, रात्री दोनचं जागरण. यातला बराच भाग कटिंग चहाचा असू शकतो. म्हणून पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा आणि दुपारी बारानंतर बंद. एकदम शून्यावरही आणू नका, नाहीतर कॅफिन बंद झाल्याची डोकेदुखी त्यात मिसळेल. क्लोझापिन किंवा ओलान्झापिन ही मानसिक आजाराची औषधं चालू असणाऱ्यांनी सोडण्याआधीच आपल्या डॉक्टरांना सांगावं. धूर थांबल्यावर या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि डोस बदलावा लागू शकतो.

झोप

टीएचसी स्वप्नांची झोप दाबून ठेवतं. वर्षानुवर्षं ओढणाऱ्याला ‘मला स्वप्नंच पडत नाहीत’ असं वाटतं ते त्यामुळे. बंद केलं की मेंदू थकबाकी वसूल करतो : लांबलचक, रंगीत, भयंकर खरी वाटणारी स्वप्नं, कधी रात्रीत तीन-चारदा जाग. त्यात हमखास एक स्वप्न आपण जॉइंट ओढतोय असं असतं, आणि सकाळी उठल्यावर खरंच ओढला का म्हणून पोटात गोळा येतो. काही बिघडलेलं नसतं. अशी स्वप्नं जवळजवळ सगळ्यांना पडतात आणि काही आठवड्यांत विरळ होतात.

आता करायचं काय.

उठायची वेळ पक्की करा, झोपायची नाही. साडेसहा म्हणजे साडेसहा, रात्री तीनला डोळा लागला असला तरी. सुट्टीच्या दिवशीही. पहिल्या आठवड्यात दहाला अंथरुणात शिरू नका. बारा-साडेबारापर्यंत बाहेरच्या खोलीत बसा. दहाला आडवं होऊन तीन तास कूस बदलत राहिलं की मेंदू अंथरूण म्हणजे जागरण असं शिकून बसतो. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठा, मंद दिव्यात कंटाळवाणं काहीतरी करा. कपड्यांच्या घड्या, शेंगा सोलणं, जुनं मासिक. मोबाइल नाही. घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेवा. ‘आता फक्त अडीच तास उरले’ हा हिशेबच जागा ठेवतो. झोप यायला लागली की दर तीन-चार दिवसांनी झोपायची वेळ पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा.

दुपारी फार झापड आली तर तीनच्या आत, वीस मिनिटं, गजर लावून. झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करा. अंग नंतर गार होताना झोप येते. उशाशी एक टॉवेल आणि कोरडा बनियन ठेवा, म्हणजे घामाने जाग आली तरी दोन मिनिटांत बदलून परत पडता येतं, कपाट उघडून दिवा लावावा लागत नाही. सकाळी उठल्यावर अर्धा तास उन्हात भरभर चाला. व्यायाम संध्याकाळी सातनंतर जोराचा नको.

झोप अगदीच झाली नसेल त्या दिवशी दुचाकी आणि लांबचं ड्रायव्हिंग टाळा. लोकल, एसटी, रिक्षा, काहीही चालेल.

आणि अल्प्राझोलॅम किंवा क्लोनाझेपॅमसारख्या झोपेच्या गोळ्या कोणाकडून तरी मागून घेऊ नका. झोप त्याच रात्री लागते, हे खरं. पण काही आठवड्यांत त्या गोळ्यांचीच सवय लागते, आणि ती सोडणं गांजापेक्षा कितीतरी अवघड आणि धोक्याचं असतं. दारूचंही तसंच. दोन पेगनी डोळा लागतो, पहाटे तीनला टक्क उघडतो, आणि सैल झालेल्या डोक्यात पहिला विचार मालाचा येतो. सोडण्याच्या महिन्यात दारू पूर्ण बंद ठेवा.

पोट, घाम, डोकं

भूक टीएचसीच्या आधाराने लागत होती, ती काही दिवस गायब होते. ताटभर जेवण समोर आलं की मळमळतं. दर तीन तासांनी थोडं थोडं खा : मऊ मुगाची खिचडी, दहीभात, नाचणीची आंबील, पेज, केळं, मूठभर शेंगदाणे आणि गूळ. तिखट-तेलकट पहिला आठवडा नको. वजन थोडं उतरतं, भूक परतली की भरून येतं. घाम जास्त असेल तर पाण्याबरोबर ताक-मीठ किंवा ओआरएस. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, दोन गोळ्यांत निदान सहा तास. यकृताचा त्रास असणाऱ्यांनी विचारूनच.

‘डिटॉक्स’च्या पावडरी आणि काढ्यांवर पैसे घालवू नका. चरबीतलं टीएचसी लिंबूपाण्याने धुऊन निघत नाही.

वर्षानुवर्षं ओढणाऱ्याला अधूनमधून उलट्यांचे झटके येत असतील आणि फक्त गरम पाण्याच्या अंघोळीने बरं वाटत असेल, तर तो सोडल्याचा त्रास नाही, ओढल्याचा आहे. यावर खरा उपाय गांजा बंद करणं हाच. पाणीही पोटात ठरत नसेल तर सलाइन लागतं, दवाखान्यात जा.

तलफ

तलफ दिवसभर सारखी नसते. ती येते, चढते आणि बहुधा पंधरा ते तीस मिनिटांत उतरते. तेवढाच वेळ काढायचा असतो, आयुष्य नाही. ती येते कुठे हे दोन दिवस लिहून ठेवा. चार-पाचच जागा निघतील. जेवणानंतरची गच्ची, ऑफिस सुटल्यावरची टपरी, भांडण झाल्यावर, पगाराच्या दिवशी, बाथरूममधला एक्झॉस्ट. प्रत्येक जागेला आधीच काहीतरी ठरवून ठेवा. जेवण झालं की गच्चीऐवजी चप्पल घालून खाली, वीस मिनिटं चक्कर, खिशात बडीशेप आणि लवंगा. टपरी चुकवणारा रस्ता लांबचा असला तरी महिनाभर तोच. हाताला चाळा लागतो. बोटांना रोल करायची सवय असते, ती रिकामी बोटं फार छळतात. रबराचा चेंडू, पेन, भाजी निवडणं, काहीही द्या.

मित्रांना लांबलचक कारण देऊ नका, त्यावर वाद घालता येतो. ‘अरे, डॉक्टरांनी बंद सांगितलंय, छातीचं आहे काहीतरी’ एवढं पुरतं. ‘तू बस की नुसता’ यावर पहिले चार आठवडे उत्तर नाही असंच. नुसतं बसून कोणी उठत नाही.

ओढला गेलाच एखादा, तर? चार दिवसांची कमाई पाण्यात गेली असं मानून लोक पुडी संपवतात. एका जॉइंटने रिसेप्टर पहिल्या दिवसावर जात नाहीत. पूर्ण पुडीने बराच फरक पडतो. उरलेला लगेच टाका. कधी, कुठे, कोणाबरोबर हे लिहा आणि ती जागा यादीत घाला. तीन-चार आठवड्यांनी मात्र सावध : सहनशक्ती उतरलेली असते, पूर्वीचंच प्रमाण घेतलं तर धडधड, घबराट, चक्कर येऊ शकते. भांगेत हे हमखास होतं, कारण चढायला तास-दोन तास लागतात आणि माणूस ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा ग्लास घेतो.

घरच्यांना

घरी माहीत असो वा नसो, एक वाक्य आधी सांगून ठेवलेलं बरं : ‘आई, पुढचे दहा-पंधरा दिवस मला झोप लागणार नाही, मी चिडेन. उलट बोललो तर तिथल्या तिथे भांडू नकोस, मी शांत झालो की येऊन बोलतो.’ आणि खरंच जाऊन बोला. चिडण्याला सबब मिळते, शिवीगाळीला नाही.

घरच्यांनी करू नये अशी एक गोष्ट : दुकानातून लघवी तपासायची पट्टी आणून पंधराव्या दिवशी मुलासमोर धरणं. रोज ओढणाऱ्याची तपासणी बंद केल्यावरही तीस दिवस, कधी जास्त, पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण चरबीतला साठा झिरपत राहतो. ‘खोटं बोलतोस’ असा आरोप त्या दिवशी खऱ्या माणसावर होतो, आणि त्यानंतर त्याला खरं राहायचं कारण उरत नाही. ऑफिसची तपासणी असेल तर तोच हिशेब लक्षात घ्या.

डॉक्टरकडे कधी

गांजासोबत रोज दारू किंवा रोज झोपेच्या गोळ्या असतील तर स्वतःच्या मनाने सगळं एकदम बंद करू नका. झटका आला, माणूस बरळायला लागला, हात जोराने थरथरायला लागले, तर ते दारू किंवा गोळ्या बंद झाल्याचं आहे. सरळ इमर्जन्सीत न्या. जीव द्यावासा वाटणं, कानात आवाज येणं, कोणीतरी पाळत ठेवतंय अशी खात्री वाटणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी. गरोदर असाल तर आधीच. आणि चार आठवड्यांनंतरही उदासी किंवा भीती तशीच असेल तर ती बहुधा गांजाच्या आधीपासूनची आहे. तिच्यावर स्वतंत्र उपचार होतात आणि ते झाले नाहीत तर माणूस परत तिकडेच वळतो.

या त्रासासाठी खास मान्यता मिळालेलं औषध नाही. डॉक्टर झोप, चिंता, मळमळ यांवर थोड्या दिवसांची औषधं देतात आणि समुपदेशन सुचवतात. सरकारी जिल्हा रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी स्वस्त पडते. राहून उपचार हवे असतील तर पुण्यात १९८६ पासून चालू असलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. जाताना एका कागदावर लिहून न्या : किती वर्षं, दिवसाला किती, तंबाखू मिसळून की नुसता, दारू-गोळ्या, चालू औषधं, शेवटचा कधी, घरात कोणाला मानसिक आजार. आकडा निम्मा करून सांगू नका, औषध त्यावरच ठरतं.

पोलिसांत कळेल ही भीती अनेकांना दारातून परत पाठवते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक केलं आहे आणि त्या कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे त्रासही येतात. शिवाय १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम ६४अ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी माणसाला, तो स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर, खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतलं जाऊ शकतं.

रात्री दोन वाजता कोणाशी तरी बोलायचं असेल तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. दोन्ही नंबर मोबाइलमध्ये बुधवारच्या आतच सेव्ह करा.